आधी कुलूप लागणारी खोली, मग रंगमंच

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातली बावीस जणांची एक नाट्यसंस्था गेली नऊ वर्षं उघड्यावरच नाटकं करते. देवळाचं पटांगण, शाळेचं मैदान, जत्रेचा माळ, मिळेल तिथे. आता त्यांना कायमची जागा हवी आहे आणि समोर तीन पर्याय आहेत. एक, शहरातल्या बंद पडलेल्या पालिकेच्या शाळेचं पटांगण. दोन, एका देवस्थानची मोकळी जागा. तीन, पन्हाळा रस्त्याला आत असलेलं, संस्थेतल्या एका नटाच्या मामांचं बंद गुऱ्हाळ. यातलं कुठलं घ्यावं आणि खुला रंगमंच बांधायला किती खर्च येईल, असं विचारलं आहे.

मी पस्तीस वर्षं याच धंद्यात आहे. थोडी वर्षं नट म्हणून, बाकी सगळी वर्षं मंच लावणं, दौरे ठरवणं आणि सरकारी टेबलांपुढे फाईल घेऊन बसणं. आमच्या संस्थेने आजवर तीन जागा केल्या, त्यातली एक अक्षरशः खिडकीतून सोडली. तेव्हा जे सांगतो ते पोळलेल्या माणसाचं समजा.

गुऱ्हाळ घ्या. पण निदान दोन हंगाम तिथे रंगमंच बांधू नका. खर्चाचा प्रश्न शेवटी घेतो, कारण तो तुम्ही सगळ्यात आधी विचारलात आणि गाडी तिथेच रुळावरून घसरते.

उघड्यावर नाटक करणाऱ्यांना घर म्हटलं की डोळ्यांपुढे दगडी पायऱ्या, मागे एखादा वड आणि वर चांदणं असं चित्र येतं. मलाही यायचं. पण प्रयोग वर्षातून तीस-चाळीस. उरलेले सव्वातीनशे दिवस तुमचं सामान कुठेतरी पडलेलं असतं आणि तुम्ही कुठेतरी तालीम करत असता. ते 'कुठेतरी' जोवर ठरत नाही तोवर मंच बांधून काही उपयोग नाही.

आमचं सामान पहिली सहा वर्षं एका सभासदाच्या गोठ्याच्या माळ्यावर होतं. खाली दोन म्हशी, वर लेव्हल (मंचाचे प्लायचे चौथरे), पडदे आणि कपड्यांच्या लोखंडी ट्रंका. एका दसऱ्याला खाली उतरवलं तर प्लायला पापुद्रे सुटलेले, काळ्या पडद्यांवर पांढरी बुरशी, आणि ट्रंकेचं झाकण कुणीतरी नीट लावलं नव्हतं म्हणून उंदरांनी लुगड्यांचे नेमके काठ कुरतडलेले. हलगीचं कातडं सादळून फाटलं होतं. घुंगरं तेवढी शाबूत. त्या हंगामाचा पहिला महिना सुतारकाम आणि शिवणकामात गेला, तालीम झाली जेमतेम आठ दिवस. नाटक पडलं. लोक म्हणाले, संहिता कमजोर होती. संहिता चांगली होती, ती म्हशींच्या वाफेने खाल्ली.

कोल्हापूरचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा घाम गाळतात. म्हणून पहिली गरज एका खोलीची. वीस बाय तीस फूट पुरे. जोतं दोन फूट वर, पत्र्याखाली वारा खेळायला जाळी, भिंतीपासून सहा इंच सोडून लोखंडी अँगलची मांडणी, म्हणजे वाळवी चढली तर दिसते. आणि दार आठ फूट रुंद. हे दार सगळे विसरतात. प्लायचा तक्ता आठ बाय चारचा असतो, लेव्हल त्याच मापाची होते. दार साडेतीन फुटी असेल तर प्रत्येक लेव्हल तिरकी करून काढावी लागते, कोपरे मार खातात, आणि रात्री बारा वाजता प्रयोगाहून आलेली दमलेली पोरं ती बाहेरच टाकून घरी जातात. टेम्पो दाराला पाठ लावून उभा राहिला पाहिजे, एवढं बघा.

दुसरी गरज छपराखालच्या तालमीच्या जागेची, तुमचा मंच आखून मावेल एवढ्या मापाची. कोल्हापुरात 'तालीम' म्हटलं की माणसाला आधी लाल माती आठवते, आणि खरं सांगायचं तर आमच्या नाटकाच्या कितीतरी तालमी पेठेतल्या तालमीच्या माडीवरच झाल्या. खाली पोरं जोर काढतायत, वर आम्ही स्वगतं म्हणतोय. पण त्या जागा उसन्या. गणपती जवळ आले की मंडळाला माडी लागते, आणि त्यात त्यांचं चूक काहीच नाही.

तिसरी गरज कागदाची. त्यावर पुढे बोलतो.

तमाशाचे मोठे फड बघा. दसऱ्याला बाहेर पडतात आणि वैशाखापर्यंत गावोगाव फिरतात. कनात, राहुट्या, मंच, सगळं ट्रकमध्ये. पाडव्याच्या सुमाराला नारायणगावात त्यांच्या राहुट्या लागतात आणि यात्रा कमिट्या तिथे येऊन सुपारी ठरवून जातात. त्यांनी कधी कायमचं थिएटर बांधलं नाही. पण पावसाळ्यात सामान कुठे उतरवायचं हे प्रत्येक फडमालकाला पक्कं ठाऊक असतं. तुम्हीही फिरस्तेच आहात. जागा मिळाली म्हणून फिरणं बंद कराल, तर दोन वर्षांत प्रेक्षक आणि पैसा दोन्ही आटतील.

आता तुमच्या तीन जागा.

देवस्थानची जागा सोडा. भाविक म्हणून जा, भाडेकरू म्हणून नको. आपल्याकडे देवस्थानच्या बऱ्याच जमिनी वर्ग ३ च्या, म्हणजे देवाच्या नावे दिलेल्या इनाम आहेत आणि त्यांचं हस्तांतरण जवळजवळ अशक्य. जमीन तशी नसली, नुसती सार्वजनिक न्यासाची असली, तरी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० चं कलम ३६ आडवं येतं. बिनशेती जागा किंवा इमारत ३ वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ती नसेल तर विश्वस्तांनी प्रेमाने लिहून दिलेला दहा वर्षांचा करार कायद्याच्या लेखी कोरा कागद. शिवाय यात्रेला त्यांना जागा मोकळी हवी, आणि यात्रा नेमकी तुमच्या हंगामात येते. तिसरी गोष्ट जरा नाजूक आहे. तुम्ही उद्या काय नाटक कराल ते आज तुम्हालाही माहीत नाही. घरमालकाला ते मान्य होईल का, ही धास्ती लिहिताना डोक्यावर नको.

शाळेचं पटांगण मोहाचं आहे, मान्य. शहरात आहे, रिक्षा येते, प्रेक्षक चालत येतात. पण कोल्हापूर महापालिका असो की दुसरी कुठली, पालिकेची मिळकत द्यायची तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम ७९ लागतं, आणि त्यात चालू बाजारभावाची अट आहे. शहरातल्या मोक्याच्या पटांगणाचा बाजारभाव नाटकवाल्याला परवडत नाही. कमी दराने कुणी दिलंच तर पुढच्या लेखापरीक्षणात आक्षेप निघतो आणि तुमची फाईल पुन्हा टेबलावर येते. म्हणून तिथे घर मागूच नका, तारखा मागा. दरवर्षी जानेवारीतले दहा दिवस मागितलेत तर देणाऱ्यालाही हो म्हणणं सोपं जातं.

पटांगण नको म्हणण्याचं दुसरं कारण आवाजाचं आहे, आणि इथे थोडं थांबतो, कारण उघड्यावरच्या नाटकाचा जीव यातच आहे. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. नटाने खणखणीत टाकलेलं वाक्य एक मीटरवर ७० डेसिबल धरा. २ मीटरवर ६४, ४ वर ५८, ८ वर ५२, १६ मीटरवर ४६. वाहत्या रस्त्याकडेच्या पटांगणात संध्याकाळी सात वाजता नुसती वर्दळच साठीच्या घरात असते. म्हणजे चौथ्या-पाचव्या रांगेलाच तुमचा नट हॉर्नच्या खाली गेला. मग माईक आला. माईक आला की ध्वनिप्रदूषण नियम २००० आले: रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालयाभोवती १०० मीटरचं शांतता क्षेत्र. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, पण ते दिवस गणपती-नवरात्रासारख्या सणांतच संपतात. नाटकाच्या वाट्याला काय उरणार?

गुऱ्हाळाकडे हीच गणितं तुमच्या बाजूने फिरतात. मागे विटांची भिंत असेल आणि नट तिच्या जवळ उभा असेल तर ती आवाज पुढे फेकते. भर पडते ती तीनेक डेसिबलची, पण रात्रीच्या शांततेत तेवढी पुरते.

मात्र तिथे एक गंमत आहे, जी शहरातल्या कुठल्याही वास्तुविशारदाला कळणार नाही. ऊस. दिवाळीच्या सुमाराला भोवतीचा ऊस डोक्याच्या वर, आठ-दहा फूट असतो. त्याची तिन्ही बाजूंनी भिंत होते, वारा अडतो, रस्त्याचा आवाज अडतो, आणि नट कुजबुजला तरी शेवटच्या रांगेला जातं. आम्ही आमच्या गुऱ्हाळातला पहिला प्रयोग नोव्हेंबरमध्ये केला आणि हरखून गेलो. दुसरा फेब्रुवारीत. मधल्या काळात तोड येऊन गेली होती. तीच जागा, तेच नाटक, तेच नट, पण भोवती नुसती मोकळी राने. वाऱ्याने वाक्यं उचलून थेट पुढच्या शिवारात नेली. सातव्या रांगेतल्या आजीबाईंनी मध्येच उठून विचारलं, "काय म्हणाली रं ती?" आणि त्यांच्या नातवाने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. त्या रात्रीचं सगळ्यात स्पष्ट वाक्य तेच.

तेव्हा शेजाऱ्यांना भेटून विचारा की उसाची लागण कधीची, आडसाली (पावसाळ्यात लावलेला, दीडेक वर्षाचा) आहे की खोडवा (तोडीनंतर बुंध्यातून फुटलेला), तोड साधारण कधी येईल. नाटकांचा क्रम त्यावर लावा. बोलकं, बारकं नाटक ऊस उभा असताना. ढोल-ताशा, हलगी, गाणी असलेलं तोडीनंतर. आणि कडेला कायमची आडभिंत हवी म्हणून बांधावर बांबू लावा. लावलेला बांबू चौथ्या वर्षी कामाला येतो, म्हणून करार झाला की पहिलं काम तेच करा.

उसाचे तोटेही ऐकून घ्या. तोड चालू असताना ट्रॅक्टर-ट्रॉल्या तुमची पाणंद उखडून टाकतात आणि प्रेक्षकांच्या दुचाकी चाकोरीत रुततात. तोडीनंतर काही जण पाचट पेटवतात, ठिणगी वाऱ्यावर येते. घोणस असते. येण्याच्या वाटेवर पायाच्या उंचीवर दिवे लावा आणि वाटेच्या दोन्ही बाजू चार-चार फूट साफ ठेवा. अजून एक, हसाल, पण सांगतो. गुऱ्हाळ बंद होऊन कितीही दिवस झाले तरी जमिनीत काकवी मुरलेली असते. पहिली दोन वर्षं मुंगळे सोबतीला. आमच्या एका नटीने मरणाच्या प्रसंगात निश्चल पडून राहायचं होतं. ती राहिली. पडद्यामागे आल्यावर तिची मान बघून आम्हालाच रडू आलं. वाफ्याची (जिथे गूळ ओतत) आणि चुलवणाच्या, म्हणजे भट्टीच्या कडेची वरची चार इंच माती खरवडून काढा आणि नवा मुरूम घाला.

पण गुऱ्हाळात जे तयार मिळतं ते कुठल्या आराखड्यात सापडणार नाही. चुलवणाचा खड्डा म्हणजे आयता खालचा मंच. तिथून माणूस वर आला की भूत वर आल्यासारखा दिसतो. जळव्या जिथे बसून चिपाडं टाकायचा तिथे आमचा प्रकाशवाला बसतो. काहिलीची, म्हणजे रस आटवायच्या कढईची रिकामी गोल जागा आम्ही बुजवली नाही, फळ्यांचं झाकण केलं. चिमणी पाडू नका, लांबून येणाऱ्याला खूण लागते. आणि धुराने काळ्या झालेल्या भिंती रंगवू नका. एवढा चांगला काळा पडदा विकत मिळत नाही, शिवाय त्याला बुरशी लागत नाही. डिसेंबर-जानेवारीत नऊनंतर दहिवर पडतं, तेव्हा हलगी शेकायला चिपाडांचा जाळ लागतो. तो मात्र छपरापासून लांब, आणि शेजारी पाण्याचे दोन पिंप.

आगीबद्दल हसण्यावारी नेऊ नका. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा मी रस्त्यावर उभा होतो. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती. शाहू महाराजांनी उभारलेलं, १९१५ साली पूर्ण झालेलं थिएटर, ज्याच्या मंचावर आमच्यातल्या प्रत्येकाने कधीतरी पाय ठेवला होता, ते डोळ्यांदेखत गेलं. लाकूड, कापड आणि जुनी वायरिंग एकत्र आली की आगीला आणखी काही लागत नाही, आणि तुमच्या गोदामात या तिन्ही गोष्टी असणार. गोदामाची वायरिंग नवी करा, खोलीत पॉइंट कमीत कमी ठेवा, विमा काढा, आणि संहिता, छायाचित्रं, संगीत यांची एक प्रत दुसऱ्या गावी ठेवा.

त्याच थिएटरला पाठ लावून खासबाग मैदान आहे. तिथे कुस्ती बघायला गेलात तर एकदा कुस्ती सोडून बैठक बघा. १९१२ सालचं काम. मधला हौदा खाली, भोवती उतरत आलेली जमीन, आणि शेवटच्या माणसालाही डाव दिसतो. महाराजांनी १९०२ च्या परदेश दौऱ्यात रोमचं प्राचीन मैदान पाहिलं आणि त्यावरून हे सुचलं असं सांगतात. मला त्यातून एवढंच घ्यायचं आहे की मंच उंच करू नका, माणसं उंच बसवा. आपल्याकडे 'खुला रंगमंच' म्हणून चार फुटांचा काँक्रीटचा ओटा बांधतात आणि समोर सपाट मैदान सोडतात. भाषणाला ठीक आहे. नाटकात पहिल्या पाच रांगांना नटाचे गुडघे दिसतात आणि मागच्यांना पुढच्यांची डोकी. प्रत्येक रांगेची नजर पुढच्या डोक्यावरून चार-पाच इंच वर जायला हवी. जमिनीला मुळात उतार असेल तर मातीच्या पायऱ्या काढा, सव्वा फूट उंच, तीन फूट खोल, कडेला दगड. गुऱ्हाळाची जमीन सपाट असेल तर एका जेसीबीचं दोन-तीन दिवसांचं काम आहे: मंचाची बाजू खणायची, तीच माती मागे चढवायची. फक्त पाण्याला वाट काढायला विसरू नका, नाहीतर ऑक्टोबरपर्यंत तिथे बेडूक नाटक करतील.

किती जागा लागेल? जमिनीवर मांडी घालून बसलेल्या माणसाला साधारण अर्धा चौरस मीटर. तीनशे माणसांना दीडशे, वाटा धरून दोनशे. मंच आणि दोन्ही बगला दीडशे. दीडशे दुचाकींना साडेचारशे. गोदाम, तालीम, स्वच्छतागृह, स्वयंपाकाची पडवी यांना अडीचशे. एकूण एक हजार पन्नास चौरस मीटर, म्हणजे दहा गुंठ्यांच्या जरा वर. मोकळा श्वास हवा असेल तर पंधरा. यापेक्षा जास्त घेऊ नका. गवत काढायलाच माणूस ठेवावा लागतो.

सही करण्याआधी पूररेषा बघा. २०१९ आणि २०२१ ला राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती, जिथे ४३ फुटांना धोका पातळी धरतात. आंबेवाडी-चिखलीकडे काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. गुऱ्हाळ निळ्या पूररेषेच्या (नदीजवळची, बांधकामाला बंदी असलेली) आत असेल तर कितीही स्वस्त मिळालं तरी नको. तिच्या बाहेर पण लाल रेषेच्या (मोठ्या पुराची) आत असेल तर जोतं त्या हिशोबाने. नकाशावर विश्वास ठेवा, पण त्याआधी गुऱ्हाळाच्या भिंतीवर पाण्याची रेघ शोधा आणि शेजारच्या म्हाताऱ्याला विचारा, "एकोणीसला पाणी कुठवर आलतं?" तो बोट दाखवेल, तिथे खडूने खूण करा.

आता कागद. हा भाग कंटाळवाणा आहे, पण आमची दुसरी जागा यातच गेली. एका संस्थेने सभागृहाची मागची खोली आणि अंगण वापरायला दिलं होतं, तोंडी. अध्यक्ष आमच्या नाटकांचे चाहते. सात वर्षं सुखात गेली. मग निवडणूक झाली, कमिटी बदलली, आणि प्रयोगाच्या दोन दिवस आधी आम्ही तालमीला गेलो तर दाराला नवं कुलूप. कुणाशी भांडणार? कागदच नव्हता. रात्री खिडकीचे गज काढून आम्ही आमचेच मुखवटे आणि तलवारी बाहेर काढल्या. चोरासारखं वाटलं. त्या कमिटीचा मला अजूनही राग आहे, पण चूक आमची होती.

म्हणून क्रमाने. आधी संस्था नोंदवलेली हवी, आपल्याकडच्या रीतीप्रमाणे सोसायटी कायदा १८६० आणि विश्वस्त कायदा १९५० दोन्हींखाली. करार संस्थेच्या नावे, कुठल्याही एका माणसाच्या नावे नाही. विशेषतः ज्याचे मामा आहेत त्या नटाच्या नावे तर मुळीच नाही. तो उद्या मालिकांसाठी मुंबईला गेला किंवा मामा-भाच्याचं बिनसलं, तर तुमचं घर त्यांच्या घरच्या भांडणात अडकेल.

मग सातबारा काढा, आजच्या तारखेचा. मामा म्हणतील "सगळं माझंच हाय", आणि सातबाऱ्यावर सात नावं निघतील. भावांची असतातच, बहिणींची जास्त काळजीने बघा. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच हक्क आहे आणि दहा वर्षांनी कुठल्यातरी आत्याचा मुलगा नोटीस घेऊन उभा राहतो. सगळ्यांच्या सह्या घ्या. सातबाऱ्यावरच्या 'इतर हक्क' रकान्यात बँकेचा किंवा सेवा सोसायटीचा बोजा, म्हणजे कर्ज आहे का तेही बघा.

तिथे शेतीची अडचण येईल. कूळ कायद्याचं कलम ६३ शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकायला आणि भाड्याने द्यायलाही आडकाठी करतं, आणि तुमची संस्था शेतकरी नाही. तेव्हा गुऱ्हाळाखालच्या तेवढ्या दहा-पंधरा गुंठ्यांची मोजणी करून, मामांनीच ती बिनशेती करून घ्यायची, खर्च तुम्ही द्यायचा, मग करार. याला सहज वर्ष जातं. तोवर थांबायची गरज नाही, मामांच्या परवानगीने झाडलोट, डागडुजी, तालीम चालू ठेवता येते. पैसे मात्र अडकवू नका.

आमच्या गुऱ्हाळाच्या मालकांनी पहिल्या भेटीत चहा दिला, जागा दाखवली, सगळं कबूल केलं, आणि निघताना चप्पल घालताना विचारलं, "मास्तर, जागा देतो की. पर कूळ लागायचं न्हाई न्हवं?" भाडेकरू कूळ म्हणून हक्क सांगेल आणि जमीन जाईल, आमच्या भागातल्या प्रत्येक जमीनवाल्याच्या पोटात हीच भीती असते. आजोबांची जमीन कुळाला गेल्याची गोष्ट घराघरात आहे. तिच्यावर हसू नका. त्यांचा विश्वासातला वकील घ्या, तुमचा नव्हे, आणि बिनशेती जागेच्या भाडेपट्ट्याला कूळहक्क कसा लागत नाही ते त्याच्याच तोंडून त्यांना ऐकू द्या. आमचं तिथेच जमलं.

भाडेपट्टा किमान पंधरा वर्षांचा. एक वर्षाहून जास्त मुदतीचा पट्टा नोंदणी केल्याशिवाय टिकत नाही, तेव्हा मुद्रांक वाचवायला अकरा महिन्यांची पळवाट नको. मालक बदलला तरी पट्टा चालू राहील, तुम्ही उभारलेलं छप्पर, दिवे, दारं तुम्हाला काढून नेता येतील, आणि जागा सोडायची वेळ आली तर नोटीस एक पूर्ण हंगाम आधी, या तीन गोष्टी स्पष्ट लिहा. मामांना दरवर्षी भाडं वेळेवर आणि पहिल्या रांगेतली चटई. दुसरं करारात लिहू नका, पण पाळा.

प्रयोगाच्या परवानग्या तुम्हाला पाठ असतील: रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, पोलीस ठाणं, ध्वनिक्षेपक. त्यात आता ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला आला. गावाला पहिला प्रयोग फुकट दाखवा, तोही मुख्य प्रयोगाच्या आदल्या दिवशी, उरलासुरला नको. तिकीट ५०० रुपयांपर्यंत असेल तर नाटकाला जीएसटी लागत नाही, आणि तुमचं तिकीट त्याच्या जवळपासही जाणार नाही.

तारखांचं सांगतो. चैत्रापासून यात्रांच्या सुपाऱ्या, म्हणजे फिरती. पावसाळा तालमीचा आणि शिबिरांचा. घरचे प्रयोग उरतात ते त्रिपुरी पौर्णिमेपासून शिमग्यापर्यंत, शनिवार-रविवार. प्रयोग पावणेसातला सुरू, साडेनऊला संपला पाहिजे, कारण लोकांना परत शहरात जायचं असतं. आणि फुटबॉलचं वेळापत्रक बघितल्याशिवाय तारीख जाहीर करू नका. पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळाचा सामना असेल त्या संध्याकाळी शिवाजी पेठेतून एक माणूस येणार नाही. हरलेल्या बाजूची चार डोकी फार तर येतील.

खर्च. आकडा मी देणार नाही, कारण दर गावागणिक बदलतात. पण क्रम देतो. मोजणी, बिनशेती आणि नोंदणी. मग पत्रा आणि गोदामाचं ते आठ फुटी दार. मग बायकांसाठी दोन आणि पुरुषांसाठी एक, पाणी असलेलं स्वच्छतागृह. हे नसेल तर बायका मध्यंतरात घरी जातात आणि पुढच्या वेळी येतच नाहीत. मग वीज, स्वतंत्र मीटरवर. मग मातीच्या पायऱ्या. मंच सगळ्यात शेवटी, आणि तोही मुरूम अंथरून, पाणी मारून, रोलर फिरवून. वर तुमच्या त्याच जुन्या लेव्हल. कंपन्यांच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीतून कलेसाठी पैसे मिळू शकतात, त्यासाठी आयकराची १२ए, ८०जी आणि सीएसआर-१ ची नोंदणी आत्ताच करून ठेवा. पण देणाऱ्याला फलक लावायला काहीतरी उभं दिसायला हवं असतं, आणि तो तुम्हाला काँक्रीटचा मंच घ्यायला लावेल. त्याला स्वच्छतागृहावर फलक लावायला राजी करा. आम्ही केलं होतं. जरा वेळ लागला.

येत्या रविवारी जाणार असाल तर संध्याकाळी सहाला पोचा आणि दहापर्यंत थांबा. शंभर फुटी टेप, खडू, विजेरी, सातबाऱ्याची प्रत आणि एक हलगी न्या. एकाला भिंतीला टेकून रोजच्या आवाजात बोलायला लावा, बाकीच्यांनी मागे मागे सरकत जा, आणि जिथे शब्द तुटेल तिथे खडूने रेघ मारा. मग दिवे बंद करून दहा मिनिटं कुणी काही बोलू नका. पंपाचा आवाज येतो का, कुठल्या बाजूने, किती वाजता थांबतो, ते लिहून घ्या. हलगी शेवटी वाजवा. वाजवल्यावर वस्तीवरून कोण कोण बघायला येतं ते बघा, आणि त्यांना चहाला थांबवा.